कॉफी आली, देश गेला

सत्तरच्या दशकात पूर्व जर्मनीतली माणसं वर्षाकाठी कॉफीवर ३.३ अब्ज मार्कांच्या आसपास खर्च करत होती. चपला-बुटांवर होई त्याच्या हे जवळजवळ दुप्पट, आणि घरातल्या फर्निचरवर होई जवळपास तितकंच. लोकसंख्या सुमारे १ कोटी ७० लाख. देश समाजवादी, पावाचे आणि घरभाड्याचे दर सरकारने वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेले, ट्रामचं तिकीट चिल्लरीत येई. कॉफी मात्र भलती महाग. ‘रोंडो’ या लोकप्रिय कॉफीचा भाव किलोला ७० मार्क होता आणि महिन्याचा सरासरी पगार हजार मार्कांच्या आतबाहेर. म्हणून दुकानात कॉफी सव्वाशे ग्रॅमच्या पुडीत मिळायची. तरीही दुपारचे तीन-चार वाजले की केकचा तुकडा आणि कॉफीचा कप समोर आल्याशिवाय घराला घरपण नसे.

या कॉफीचं एक बीसुद्धा देशात पिकत नव्हतं. बर्लिनच्या थंडीत ते झाड जगणंच शक्य नाही. ती विकत आणायची, तर न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारभावाने, तेही डॉलर किंवा पश्चिम जर्मन मार्क मोजून. पूर्व जर्मनीचा स्वतःचा मार्क सरहद्दीपलीकडे कोणी हातात धरत नव्हतं.

गरजेचा पाचवा हिस्सा, कदाचित थोडा जास्तच, भिंतीपलीकडून येई. पश्चिम जर्मनीतल्या आत्या, मावश्या, मामेभाऊ नाताळाला आणि वाढदिवसाला पार्सलं धाडत. वर ‘भेटवस्तू, व्यापारी माल नव्हे’ असं लिहिणं सक्तीचं. आत चॉकलेट, नायलॉनचे मोजे, साबण आणि हमखास एक कॉफीचा पुडा, बहुतेक वेळा ‘याकोब्स क्र्योनुंग’ या छापाचा. ‘क्र्योनुंग’ म्हणजे राज्याभिषेक. हे नाव लक्षात ठेवावं, पुढे एका राज्यकर्त्याला ते फार महागात पडणार आहे.

ही नुसती परदेशी वस्तूची हौस होती असं समजणं चूक ठरेल. पुढे पूर्व जर्मनी झालेला भूभाग हा युरोपातल्या कॉफीच्या इतिहासाचा एक मोठा अड्डा आहे. लाइपझिगमध्ये १७३०च्या दशकात योहान सेबास्टियन बाख झिमरमनच्या कॉफीगृहात आपल्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम करायचा. त्याच काळात त्याने कॉफीवर एक विनोदी गीतनाट्य रचलं. त्यातला बाप मुलीचं कॉफीचं वेड सोडवायला निघतो. घराबाहेर पडू देणार नाही, नवे कपडे देणार नाही अशा धमक्या देतो, आणि मुलगी सगळं पत्करते. अखेर ‘नवरा मिळणार नाही’ म्हटल्यावर ती हो म्हणते, पण गुपचूप गावभर सांगून ठेवते की लग्नाच्या करारातच कॉफीची अट असेल. चर्चसाठी गंभीर संगीत लिहिणाऱ्या बाखने हा उद्योग केला, यावरून त्या शहरात कॉफीचं काय स्थान होतं ते समजावं.

याच टापूतल्या येना गावात १८१९ साली महाकवी गटेकडे एक तरुण रसायनशास्त्रज्ञ गेला. त्याचं नाव फ्रिडलीब रुंग. विषारी बेलाडोनाच्या अर्काने डोळ्याची बाहुली कशी मोठी होते, हे त्याने मांजरावर करून दाखवलं. गटे खूश झाला आणि त्याने रुंगला कॉफीच्या बियांची एक डबी देऊन ‘आता हे तपासा’ असं सुचवलं. रुंगने त्या बियांतून जो पदार्थ वेगळा काढला तो म्हणजे कॅफिन. पुढे १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीने कॉफीच्या गाळाला कंटाळून पितळी भांड्याच्या तळाला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला आणि कॉफी गाळली. जगभरच्या कागदी फिल्टरची ती सुरुवात. तिने पेटंट घेतलं, कंपनी काढली. ती कंपनी पुढे पश्चिमेकडच्या मिंडेनला गेली आणि फाळणीनंतर भिंतीच्या पलीकडे राहिली. इतिहासाचा असा खोडसाळपणा या कहाणीत पावलोपावली भेटतो.

पण आपल्या कामाची खरी पूर्वपीठिका प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटची. त्याचंही दुखणं तेच होतं: कॉफीपायी पैसा देशाबाहेर जातो. १३ सप्टेंबर १७७७ रोजी त्याने जाहीरनामा काढून प्रजेला बजावलं की आपण सारे बिअरवर वाढलो, आपले पूर्वजही बिअरवर वाढले, तेव्हा बिअरच प्या. प्रजेने अर्थातच ऐकलं नाही. मग १७८१ मध्ये त्याने कॉफी भाजणं हाच सरकारी मक्ता करून टाकला. उमराव, धर्मगुरू, लष्करी अधिकारी अशा मोजक्या लोकांना घरी कॉफी भाजायचे परवाने मिळाले. बाकीच्यांनी सरकारने भाजलेली, चढ्या भावाची कॉफी घ्यायची. चोरून भाजणाऱ्यांना पकडायला युद्धात जायबंदी झालेले सुमारे ४०० शिपाई नेमले. त्यांचं काम एकच, गल्लोगल्ली फिरून भाजक्या कॉफीचा वास हुंगायचा. वास आला की घरात घुसायचं. लोकांनी त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ असंच नाव दिलं. या योजनेने तिजोरी किती भरली हा वादाचा विषय, राजाबद्दलचा राग मात्र नक्की भरला. १७८६ मध्ये फ्रेडरिक वारला आणि पुढच्याच वर्षी हा मक्ता मोडीत निघाला.

फ्रेडरिकच्या त्या जाहीरनाम्यानंतर बरोबर २०० वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याच बर्लिनमध्ये बसलेल्या दुसऱ्या एका सरकारला तीच दुर्बुद्धी सुचली. मधल्या काळात राजेशाही गेली, साम्राज्य गेलं, नाझी गेले, मार्क्सवाद आला. कॉफीचा प्रश्न आला की सगळे एकाच वळणावर.

ठिणगी पडली ती मात्र दहा हजार किलोमीटर दूर आणि ती थंडीची होती. १८ जुलै १९७५ रोजी पहाटे ब्राझीलच्या पराना राज्यावर दक्षिण ध्रुवाकडून आलेली हवा उतरली. निफाडकडे पारा घसरून दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो आणि द्राक्षबागायतदाराच्या पोटात गोळा येतो, हा त्यातलाच प्रकार, पण शंभरपट क्रूर. ब्राझीलमध्ये त्याला ‘काळं दंव’ म्हणतात. त्यात पानावर पांढरा थर दिसत नाही, पानाच्या आतला रसच गोठतो, आणि ऊन चढेपर्यंत पानं जळाल्यासारखी काळी पडतात. पराना तेव्हा ब्राझीलच्या जवळजवळ निम्म्या कॉफीचं राज्य होतं. त्या वर्षीचं पीक बहुतेक उतरलं होतं, म्हणून खरी टंचाई लगेच जाणवली नाही. पुढच्या वर्षी परानात कॉफी जवळपास पिकलीच नाही. कॉफीचं झाड नव्याने लावलं तर फळाला येईपर्यंत तीन-चार वर्षं जातात. हजारो मळेवाल्यांनी पुन्हा कॉफी लावण्याचा नादच सोडला, सोयाबीन पेरलं. मजूर शहरांकडे निघून गेले.

संकटं एकेकटी आली असती तर निभावलं असतं. नोव्हेंबर १९७५ मध्ये अंगोला स्वतंत्र झाला आणि यादवीत सापडला. तिथली रोबस्टा कॉफी तोवर जगाच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर येत असे. फेब्रुवारी १९७६ मध्ये ग्वाटेमालात भूकंप झाला. युगांडात ईदी अमीनचं राज्य होतं, तिथे शेतीचीच काय, कशाचीच शाश्वती नव्हती. न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला ५०-६० सेंटच्या आसपास असलेला भाव एप्रिल १९७७ पर्यंत तीन डॉलरच्या वर चढला. अमेरिकेत गृहिणींनी कॉफीवर बहिष्कार टाकायची मोहीम काढली. त्यांना ती चैन परवडत होती: चहा प्यायचा, भाव उतरायची वाट बघायची.

पूर्व बर्लिनमधल्या नियोजनकारांना मात्र घाम फुटला. पूर्वी कॉफीवर जेवढं परकीय चलन जाई, त्याच्या जवळजवळ पाचपट, म्हणजे सुमारे ७० कोटी पश्चिम जर्मन मार्क आता मोजावे लागणार होते. सोव्हिएत युनियननेही तेलाचे दर वाढवायला घेतले होते. पश्चिमेकडून काढलेल्या कर्जाचे हप्ते वेगळेच.

परकीय चलनाची जुळवाजुळव करणारा सरकारचा एक खास विभाग होता, ‘व्यापारी समन्वय’ नावाचा. जर्मन आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘कोको’ म्हणत. त्याचा प्रमुख अलेक्झांडर शाल्क-गोलोड्कोव्स्की हा माणूस जुन्या वस्तूंपासून शस्त्रांपर्यंत वाटेल ते विकून डॉलर उभे करण्यात तरबेज. त्याचा आणि अर्थव्यवस्था सांभाळणाऱ्या ग्युंटर मिटागचा सल्ला सरळ होता: कॉफीची आयात जमेल तितकी छाटा. आकड्यांच्या दृष्टीने तो बिनचूक होता.

सत्ताधारी पक्षाच्या पॉलिटब्युरोतल्या आल्बर्ट नोर्डेन या जुन्याजाणत्या सदस्याला तो पटला नाही. नोर्डेन ज्यू धर्मगुरूचा मुलगा, पेशाने पत्रकार, पक्षाच्या प्रचारयंत्रणेत आयुष्य घालवलेला. जून १९७७ च्या अखेरीस त्याने पक्षप्रमुख एरिक होनेकरला पत्र लिहून बजावलं की हा उपाय लोकांना समजणार नाही, त्यातून मोठा असंतोष मात्र उसळेल. त्याच्या भीतीला आधार होता. १७ जून १९५३ रोजी कामगार रस्त्यावर उतरले तेव्हा सोव्हिएत रणगाडे आणून सरकार वाचवावं लागलं होतं. शेजारच्या पोलंडमध्ये १९७० साली अन्नधान्याची भाववाढ झाली आणि तिथला पक्षप्रमुख गोमुल्का याची खुर्ची गेली. १९७६ च्या जूनमध्ये पुन्हा भाव वाढवले तेव्हा इतका उद्रेक झाला की सरकारला दुसऱ्याच दिवशी माघार घ्यावी लागली. होनेकर १९७१ मध्ये सत्तेवर आला तोच मुळी ‘लोकांचं राहणीमान वाढवू’ या वचनावर.

म्हणून पॉलिटब्युरोने मधला मार्ग काढला. मधले मार्ग बऱ्याचदा सगळ्यांना सारखेच नाखूश करतात, तसा हा ठरला. सर्वात स्वस्त ‘कोस्टा’ कॉफी बंद करून टाकली. सरकारी कचेऱ्यांतून पाहुण्यांना मिळणाऱ्या कॉफीला कात्री लागली. आणि दुकानांत, उपाहारगृहांत एक नवी वस्तू आली, ‘काफे-मिक्स’. ५१ टक्के कॉफी, उरलेले ४९ टक्के म्हणजे चिकोरी, राय, शुगर बीट असा भाजलेला ऐवज.

५१ हा आकडा वाचून मला आपल्याकडचा कायदा आठवला. भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, असा नियम आहे. दक्षिणेकडच्या कित्येक घरांत लोक हे मिश्रण आवडीने, दाट दुधात घालून पितात, आणि चिकोरी नसेल तर कॉफीला ‘अंग’ नाही अशी तक्रार करतात. तेव्हा तेच प्रमाण एका देशात चव ठरतं आणि दुसऱ्या देशात फसवणूक. फरक पडतो तो लादण्याने. पूर्व जर्मन माणसाला ‘नकली कॉफी’ ही वस्तू चांगलीच ठाऊक होती. दोन्ही महायुद्धांत, आणि त्यानंतरच्या उपासमारीच्या वर्षांत, त्याने भाजलेल्या जवांचं आणि बीटाचं काळं पाणी कॉफी म्हणून प्यायलं होतं. खरी कॉफी ही त्या दिवसांचा शेवट झाल्याची खूण होती. लढाई संपून ३२ वर्षं झाल्यावर सरकारने पुन्हा तेच पाणी कपात ओतलं, आणि ज्यांनी देश उभारला त्या म्हाताऱ्या पिढीला ते सर्वात जास्त झोंबलं.

शिवाय ते पेय वाईटच होतं. उपाहारगृहांतल्या यंत्रांत मिश्रण फुगून गाळण्या तुंबू लागल्या. ‘याकोब्स क्र्योनुंग’ची आठवण ठेवून लोकांनी त्याला नाव दिलं ‘एरिक्स क्र्योनुंग’, एरिकचा राज्याभिषेक. होनेकरचं पहिलं नाव एरिक. वर्तमानपत्रात त्याच्याविरुद्ध एक ओळ छापून येणं शक्य नव्हतं, पण दुकानाच्या काउंटरवर हे दोन शब्द कोणीही म्हणू शकत होतं, आणि म्हणणाऱ्यावर खटला भरायचा तर कशाबद्दल?

तक्रार करायचा एक अधिकृत मार्गही होता. पूर्व जर्मनीत नागरिकाने सरकारला अर्ज धाडला तर चार आठवड्यांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक होतं. मतपेटीला अर्थ नसलेल्या देशात हे अर्ज म्हणजे लोकांच्या मनाचा खराखुरा आरसा, आणि राज्यकर्तेही ते त्याच नजरेने वाचत. फ्लॅट मिळत नाही, ट्राबांट मोटार बारा वर्षांनीही येत नाही अशा तक्रारींच्या ढिगात आता कॉफीवरची संतापलेली पत्रं येऊ लागली. गुप्त पोलिसांच्या अहवालांतही कॉफी झळकली. लाखो लोकांवर पाळत ठेवणारी, पत्रं वाफेवर उघडून वाचणारी ती यंत्रणा आता रांगेत उभ्या असलेल्या बायका पुडीकडे बघून काय पुटपुटतात हे नोंदवत बसली. फ्रेडरिकचे हुंगणारे निदान कॉफीचा वास तरी घ्यायचे.

लोकांनी मिश्रण विकत घेणंच थांबवलं. खरी कॉफी जास्त पैसे देऊन घ्यायची, पश्चिमेकडच्या मावशीला पत्र लिहायचं, पण हे नाही. पार्सलं वाढली. पुढच्या वर्षी जागतिक भाव उतरू लागले आणि सरकारने ‘काफे-मिक्स’ आवरतं घेतलं. पण भाव पुन्हा चढणार नाहीत याची हमी कोण देणार? डॉलर न मोजता कॉफी मिळवायची वाट शोधणं भाग होतं.

ती वाट त्याआधीच वेर्नर लाम्बर्त्स नावाच्या माणसाने शोधून ठेवली होती. पक्षाचा प्रचारप्रमुख, पन्नाशीच्या आतला, परदेशी भाषा येणारा, होनेकरचा संभाव्य वारस म्हणून पाहिला जाणारा. १९७७ च्या जूनमध्ये तो इथिओपियाला गेला. कॉफीचं मूळ घर तेच; तिथल्या डोंगरांतल्या जंगलात अरेबिका आपोआप उगवते, आणि आपल्या पिकाचा जवळजवळ निम्मा वाटा इथिओपियाची माणसं स्वतःच पितात. १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासी पदच्युत झाला होता. आता मेंगिस्तू हैले मरियमचं लष्करी राज्य होतं. अमेरिकेशी बिनसलेलं, सोमालियाशी युद्ध तोंडावर आलेलं, आणि राजधानीत स्वतःच्याच तरुणांची कत्तल चाललेली. मेंगिस्तूला बंदुका आणि ट्रक हवे होते, लाम्बर्त्सला कॉफी. व्यवहार जुळायला वेळ लागला नाही. त्याला सांकेतिक नाव होतं, निळ्याच्या बदल्यात तपकिरी. निळं म्हणजे शस्त्रं, तपकिरी म्हणजे कॉफी.

लाइपझिगच्या एखाद्या आजीबाईंच्या कपात जे आलं, त्याची किंमत अदिस अबाबाच्या रस्त्यावर कोणी मोजली, हे आजीबाईंना कळायचा काहीच मार्ग नव्हता. ज्यांना कळत होतं त्यांनी याला आंतरराष्ट्रीय बंधुभाव म्हटलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात लाजिरवाणा वाटतो तो हाच भाग. काफे-मिक्स नुसतं हास्यास्पद होतं.

हा झरा लवकरच आटला. इथिओपियालाही परकीय चलनाची गरज होतीच. जागतिक बाजारात रोख डॉलर मिळत असताना कॉफी अशी देऊन टाकणं त्यांना परवडेना. १९७८ संपता संपता अदलाबदल थंडावली. लाम्बर्त्स हे पाहायला राहिला नाही. ६ मार्च १९७८ रोजी लिबियाच्या दौऱ्यात हेलिकॉप्टर कोसळून तो मेला. अंगोला आणि लाओसशीही बोलणी झाली, अंगोलाला पूर्व जर्मन बनावटीचे ट्रक गेले. पण यादवीत सापडलेल्या अंगोलातून किती कॉफी निघणार?

मग नजर गेली व्हिएतनामकडे. तिथे कॉफी नवी नव्हती. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८५७ मध्ये ती नेली होती आणि फ्रेंच मळेवाल्यांनी मध्य पठारावर लावली होती. पण तीस वर्षांच्या लढायांनी त्या मळ्यांचं कंबरडं मोडलं. डाक लाक प्रांताची राजधानी बुऑन मा थुऑट इथेच मार्च १९७५ मध्ये उत्तर व्हिएतनामच्या अखेरच्या चढाईची पहिली मोठी लढाई झाली. १९८० मध्ये साऱ्या व्हिएतनामचं पीक साडेआठ हजार टनांपर्यंतही पोचत नव्हतं. देश कंगाल होता. अमेरिकेने व्यापार तोडलेला, चीनशी १९७९ मध्ये युद्ध झालेलं. उसन्या भांडवलाच्या बदल्यात देण्यासारखं हातात फक्त जमीन आणि माणसं.

१९८० च्या करारात पूर्व जर्मनीने तेच मागितलं. डाक लाकच्या लाल मातीवर रोबस्टाचे मळे उभारायचे. यंत्रं, ट्रक, पाणी द्यायची व्यवस्था, शेतीतज्ज्ञ बर्लिनकडून. त्या बदल्यात २० वर्षं निम्मं पीक बर्लिनला. ‘व्हिएत-डुक’, म्हणजे व्हिएतनाम-जर्मनी, या नावाचा कॉफी उपक्रम सुरू झाला. सुमारे १० हजार लोक सखल भागातून आणून पठारावर वसवले. त्यांच्यासाठी घरं, दवाखाने, दुकानं बांधली. सेरेपोक नदीवर जर्मन मदतीने जलविद्युत केंद्र उभं राहिलं. सुरुवातीला जेमतेम ६०० हेक्टर असलेलं क्षेत्र दशकाच्या शेवटी साडेआठ हजार हेक्टरवर गेलं. या पठारावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या एडे आणि इतर आदिवासींना मात्र कोणी काही विचारलं नाही. त्यांची रानं आणि फिरती शेती मळ्यांखाली गेली, आणि तो राग आजतागायत धुमसतो आहे.

त्याच वर्षी उलट्या दिशेचाही एक करार झाला. व्हिएतनामी तरुण कंत्राटी कामगार म्हणून पूर्व जर्मनीच्या गिरण्या-कारखान्यांत जाऊ लागले. १९८९ पर्यंत त्यांची संख्या ६० हजारांच्या घरात गेली. जर्मन तज्ज्ञ डाक लाकमध्ये रोपं मोजत होते आणि व्हिएतनामी मुली सॅक्सनीच्या शिवणयंत्रांवर बसल्या होत्या.

कॉफीचं झाड पंचवार्षिक योजना जाणत नाही. रान साफ करा, रोपवाटिका करा, लावा, सावली द्या, पाणी घाला. भरघोस पीक हाती यायला सात-आठ वर्षं लागतात. बर्लिनच्या अंदाजाने पहिलं खरं मोठं पीक १९९० मध्ये निघणार होतं.

ते १९९० मध्ये निघालं. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत पडली होती. पलीकडे गेलेल्या प्रत्येक पूर्व जर्मन माणसाला पश्चिम जर्मन सरकार स्वागताचे १०० मार्क देत होतं, आणि ते घेऊन माणसं दुकानात शिरली तेव्हा पिशवीत केळ्यांच्या बरोबरीने याकोब्स क्र्योनुंगचे पुडे भरले गेले. ३ ऑक्टोबर १९९० रोजी पूर्व जर्मनी हा देश नकाशावरून पुसला गेला. दहा वर्षं राबून लावलेल्या मळ्यांची कॉफी पिकली, आणि करारातला निम्म्याचा वाटेकरीच उरला नाही.

व्हिएतनामचं यात नुकसान झालं नाही. १९८६ मध्येच तिथल्या कम्युनिस्ट पक्षाने आर्थिक सुधारणा स्वीकारल्या होत्या. शेतकऱ्याला स्वतः जमीन कसून माल बाजारात विकता येऊ लागला होता. डाक लाकमध्ये आता रस्ते होते, वीज होती, आणि रोबस्टाचं तंत्र जाणणारी माणसं होती. सरकारी मळ्यांच्या शेजारी लहान शेतकऱ्यांनी आपापली एकर-दोन एकर कॉफी लावली. १९९० मध्ये देशाचं पीक ९० हजार टनांवर होतं, २००० मध्ये ८ लाख टनांवर गेलं. कोलंबियाला मागे टाकून व्हिएतनाम ब्राझीलखालोखाल जगातला दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक झाला. हे सगळं एकट्या पूर्व जर्मनीमुळे झालं म्हणणं अतिशयोक्ती होईल. त्या मळ्यांपेक्षा कितीतरी जास्त कॉफी सुधारणांनंतर शेतकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर लावली. पण पहिली घडी बसवायला परका पैसा आणि परका हट्ट लागला, आणि तो हट्ट बर्लिनच्या दुपारच्या कपापायी होता.

इतक्या कॉफीचा जगाच्या बाजारावर परिणाम होणारच होता. २००१ मध्ये भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली आला. महागाई धरली तर शतकभरात इतका खाली कधी गेला नव्हता. मध्य अमेरिकेतले मजूर मळे सोडून चालू लागले, इथिओपियाच्या शेतकऱ्यांनी झाडं उपटली, आणि आपल्या कोडगूतले रोबस्टा बागायतदार कर्जात बुडाले. १९७५ मध्ये परानात दंव पडलं म्हणून जगात कॉफी कमी पडली होती. पाव शतकाने, अंशतः त्याच दंवामुळे, ती अति झाली.

पूर्व जर्मनांचं म्हणाल, तर भिंत पडल्यावर दोन-चार वर्षांत त्यांचं मन पश्चिमेच्या कॉफीवरून थोडं उतरलं. माग्डेबुर्गच्या ‘र्‍योस्टफाइन’ या जुन्या सरकारी, आता खाजगी झालेल्या कारखान्याने १९९७ मध्ये ‘रोंडो’ पुन्हा बाजारात आणली, जुन्या नावाने आणि जुन्या वळणाच्या वेष्टनात. ती चालली. ‘काफे-मिक्स’ पुन्हा आणायचं धाडस मात्र कोणी केलं नाही.

व्हिएतनामची कॉफी घेणाऱ्या देशांत जर्मनी आज अगदी वरच्या रांगेत असतो. त्यासाठी आता बंदुका लागत नाहीत, ट्रक लागत नाहीत, नदीवर वीजकेंद्र बांधून द्यावं लागत नाही की रोपं वाढायची वाट बघावी लागत नाही. हाम्बुर्गच्या बंदरात डाक लाकची पोती उतरतात आणि त्यांचे पैसे चुकते होतात.